नव्या घराचा भाव आणि वाचणाऱ्यांचे मौन

मराठी साहित्यात घर वारंवार येते, परंतु घराचा भाव ठरतो तो प्रसंग फार क्वचित येतो. १९८५ साली रंगभूमीवर आलेल्या महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'तला वाडा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. त्याची वाटणी होईल, पडझड होईल, पण त्याच्या खरेदीचा प्रश्न उद्भवत नाही. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) या पुस्तकातील बिऱ्हाडे भाडेकरूंची आहेत. चाळीशी त्यांचे नाते सहवासाचे आहे, मालकीचे नाही. गेल्या पन्नास-साठ वर्षांत मराठी मध्यमवर्गाने आयुष्यातला सर्वांत मोठा व्यवहार म्हणून जे केले, ते म्हणजे बिल्डरकडून नवा फ्लॅट घेणे. या एका व्यवहारापायी नोकरीची वीस-वीस वर्षे गहाण पडली, भाऊ-भाऊ दुरावले, गावाकडच्या जमिनी विकल्या गेल्या. आणि तरीही दोन पक्ष समोरासमोर बसून घराची किंमत ठरवीत आहेत, असा प्रसंग आमच्या वाचनात आलेल्या कथा-कादंबऱ्यांत शोधावाच लागतो.

इतरत्र असे दिसत नाही. चेखॉवच्या 'चेरी ऑर्चर्ड' (१९०४) या नाटकात लोपाखिन लिलावाहून परततो आणि समोरच्याने बोली पाच-पाच हजारांनी कशी वाढवली, आपण दहा-दहा हजारांनी कशी चढवली, हे आकड्यांनिशी सांगतो. नाटकाचा सारा ताण त्या आकड्यांत साठलेला असतो. व्ही. एस. नायपॉल यांच्या 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' (१९६१) या कादंबरीत तर घराची खरेदी हाच कथेचा गाभा आहे. पोर्ट ऑफ स्पेनमधल्या एका वकिलाच्या कारकुनाने बांधलेले घर बिस्वास पावसात, अपुऱ्या उजेडात पाहतो, यजमानांच्या आदरातिथ्याने भारावतो, नीट तपासणी न करताच व्यवहाराला होकार देतो. त्या घराची व्यंगे त्याच्या लक्षात येतात ती नंतर. खरेदी करणाऱ्याची नजर नेमक्या कोणत्या क्षणी मिटते, हे नायपॉल यांनी जितके बारकाईने टिपले आहे, तितके ते अर्थशास्त्राच्या पुस्तकातही सापडणार नाही.

आमचे म्हणणे असे की, आपल्या साहित्यातील ही उणीव केवळ साहित्याची राहिलेली नाही. ज्या व्यवहाराविषयी आपण लिहिले नाही, त्या व्यवहाराची भाषाही आपण घडवली नाही. ती विकणाऱ्याने घडवली आणि आपण ती उसनी घेतली. आज नव्या घराच्या किमतीची घासाघीस करायला बसणारा सुशिक्षित मराठी माणूस, त्यातही भाषा शिकविणारा माणूस, समोरच्याच्या शब्दांत बोलतो, आणि म्हणून बोलणे सुरू होण्यापूर्वीच निम्मे हरलेला असतो.

जुन्या दस्तऐवजांची भाषा आठवून पाहावी. इसार किंवा विसार, साठेखत, खूषखरेदीखत, चतुःसीमा, ताबा. जमिनीच्या खरेदीखतात जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह मिळकत दिल्याचे लिहिण्याचा प्रघात होता. पाण्यापासून गवताच्या काडीपर्यंत आणि जमिनीत पुरलेल्या धनापर्यंत, विकत घेणाऱ्याच्या पदरात काय काय पडते याची ती यादी होती. 'खूष' या शब्दातही दोन्ही पक्षांनी राजीखुशीने व्यवहार केला, अशी कबुली होती. ही भाषा सोवळी होती किंवा त्या काळी फसवणूक होत नव्हती, असे आम्ही सुचवीत नाही. पण ती भाषा वस्तूकडे बोट दाखवीत होती. चारी दिशांना काय आहे हे सांगितल्याखेरीज खत पुरे होत नसे.

फ्लॅटच्या व्यवहाराने आणलेले शब्द पाहा : कार्पेट, बिल्टअप, सुपर बिल्टअप, सेलेबल, लोडिंग, बुकिंग, पझेशन. यातील 'सुपर बिल्टअप' म्हणजे घराच्या चार भिंतींतील जागेत जिना, लिफ्ट, मार्गिका, प्रवेशदालन यांचा काही हिस्सा मिळवून तयार होणारा आकडा. तो हिस्सा किती धरायचा हे विकणाराच ठरवीत आला. म्हणजे ज्या क्षेत्रफळाला दराने गुणायचे, ते क्षेत्रफळ एका पक्षाच्या कल्पनेतून निघालेले, आणि घासाघीस मात्र फक्त दराची!

एक उदाहरण मांडू. विक्रेता म्हणतो, घर हजार चौरस फुटांचे, दर नऊ हजार. किंमत नव्वद लाख. प्रत्यक्ष वापरायची जागा सातशे चौरस फूट. तेव्हा खरा दर झाला बारा हजार आठशे सत्तावन्न रुपये. खरेदीदार दोन बैठका झिजवतो, ओळखीच्या माणसाला मध्ये घालतो आणि फुटामागे दोनशे रुपये कमी करून घेतो. दोन लाख वाचले म्हणून घरी पेढे येतात. आता समजा ताबा मिळाल्यावर ती सातशेची जागा सहाशे एकोणऐंशी भरली. एकवीस चौरस फूट म्हणजे एखादे न्हाणीघरही होणार नाही, इतका लहानसा तुकडा. पण त्याची किंमत अडीच लाखांहून अधिक होते. ज्याच्यावर तासन्‌तास घासाघीस झाली त्या सवलतीहून, ज्याच्याविषयी कोणी चकार शब्द काढला नाही तो तुकडा महाग ठरतो.

याला कायद्यात उत्तर नाही असे नव्हे. २०१६ साली संसदेने स्थावर संपदा अधिनियम केला, तो आपण 'रेरा' या नावाने ओळखतो, आणि १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात महारेराचे काम सुरू झाले. या कायद्याने कार्पेट क्षेत्राची व्याख्या दिली : बाहेरच्या भिंती, सेवावाहिन्यांचे उभे मार्ग, बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळून उरणारी वापरण्याजोगी जागा, पण आतल्या विभाजक भिंतींखालची जागा मात्र धरून. भाषेच्या अभ्यासकांनी येथे थांबायला हवे. मुंबईच्या १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत 'कार्पेट' मोजताना भिंतींखालची जागा वगळलेली होती. म्हणजे एकही वीट न हलविता, केवळ व्याख्या बदलल्याने, तेच घर कागदावर किंचित मोठे होते. नव्या घराचा दर जुन्या घराच्या दराशी ताडून पाहणाऱ्याने 'कार्पेट' हा शब्द दोन्हीकडे एकाच अर्थाने आला आहे का, हे विचारले पाहिजे. शब्द तोच राहतो आणि अर्थ सरकतो, हे आपण वर्गात पहिल्याच वर्षी शिकवितो. बिल्डरच्या कार्यालयात ते आठवत नाही.

असे का होत असावे? एक कारण प्रतिष्ठेचे आहे. मंडईत पाच रुपयांसाठी हुज्जत घालणारा माणूस नव्वद लाखांच्या व्यवहारात पन्नास हजारांची गोष्ट काढायला संकोचतो. एवढी रक्कम देतो आहोत तिथे कशाला तोंड वेंगाडायचे, असे त्याला वाटते. दुसरे कारण मंगलतेचे. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा यांना घराच्या जाहिरातींचा पूर येतो तो उगाच नव्हे. मुहूर्तावर घासाघीस करणे आपल्याला अशुभ वाटते, आणि 'आजच्या दिवसापुरता दर' ही घोषणा त्या संकोचावरच उभी असते. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. मंडईतली जुडी दोघांच्याही डोळ्यांसमोर असते. ती हातात घेऊन, पाने चाळून भाव करता येतो. बांधकाम चालू असलेल्या घराचा भाव करताना घर तेथे नसतेच. असतो तो एक नकाशा, एक माहितीपुस्तिका आणि एक करार. सजविलेला नमुना-फ्लॅट ही तर घराविषयीची कल्पित कथा. जे घर अजून उभे नाही त्याची किंमत ठरविणे म्हणजे एका मजकुराची किंमत ठरविणे होय. आणि मजकूर वाचणे हे तर आपले काम आहे.

विकणारा भेटवस्तू देतो आणि दर सोडत नाही, हेही वाचण्यासारखे आहे. स्वयंपाकघराची सजावट, वातानुकूलन यंत्र, सोन्याचे नाणे, नोंदणीखर्च माफ, हे सारे तो हसत देतो. पण दर शंभर रुपयांनी उतरवा म्हटले की त्याचा चेहरा बदलतो. कारण उघड आहे. भेटवस्तू एकाच गिऱ्हाइकापुरती असते. उतरलेला दर नोंदणीकृत करारात जातो, तो मागचे खरेदीदार वाचतात आणि पुढचे त्याचा दाखला देतात. शिवाय मुद्रांक शुल्क करारातील किंमत आणि शासनाच्या तक्त्यातील बाजारमूल्य यांपैकी जी रक्कम अधिक असेल तिच्यावर आकारले जाते; भेटवस्तूने ते कमी होत नाही. म्हणून भेट पुढे आली की खरेदीदाराने तिची रुपयांत किंमत विचारावी आणि ती मूळ किमतीतून वजा करण्याचा आग्रह धरावा. हे पटले नाही तर निदान ती भेट कोणत्या वर्णनाची, कोणत्या तारखेला मिळणार, हे करारात लिहून घ्यावे. तोंडी दिलेल्या वस्तूला करारात जागा नसेल, तर पुढे तिचा हक्क सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

याच ओघात आणखी एका शब्दाकडे लक्ष वेधतो. बांधलेल्या इमारतीत राहण्यास योग्य असल्याचा जो दाखला स्थानिक प्राधिकरण देते, त्याला शासकीय मराठीत 'भोगवटा प्रमाणपत्र' म्हणतात. भोग या शब्दात उपभोगही आहे आणि सोसणेही आहे. ते प्रमाणपत्र न मिळताच ज्यांनी 'पझेशन' घेतले, त्या कुटुंबांना या दोन अर्थांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. ताबा आणि भोगवटा या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि किमतीच्या बोलण्यात हा फरक रुपयांत दिसतो. १ एप्रिल २०१९ पासूनच्या व्यवस्थेत परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत न बसणाऱ्या, बांधकाम चालू असलेल्या घरावर पाच टक्के जीएसटी लागतो. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर विकलेल्या घरावर तो लागत नाही. अठ्ठ्याऐंशी लाखांच्या घरावर ही रक्कम चार लाख चाळीस हजार होते. दोनशे रुपयांसाठी दोन बैठका घेणाऱ्याने 'दाखला केव्हाचा' हा एक प्रश्न विचारला, तर त्याच्या घासाघिशीला निराळेच वजन येईल. अपुऱ्या घराचा दर या कारणानेच उतरता असायला हवा, हे त्याला पुराव्यानिशी म्हणता येईल.

विक्रेत्याच्या कार्यालयात एक वाक्य हमखास ऐकू येते : करार ठरलेला आहे, तो कोणासाठी बदलत नाही. हे वाक्य अर्धे खरे आहे. कराराचा नमुना शासनाने ठरवून दिला आहे, आणि त्यातील पुष्कळ अटी विकणाऱ्यालाही बदलता येत नाहीत. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम त्याला घेता येत नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या रचनेतील दोष आढळले तर ते विनामूल्य दुरुस्त करून देण्याचे बंधन त्याच्यावर आहे. या गोष्टी कायद्याने दिलेल्या असताना विक्रीच्या बोलण्यात त्या अनेकदा कृपा म्हणून सांगितल्या जातात, आणि खरेदीदार त्या कृपेच्या मोबदल्यात दराचा आग्रह सोडतो. जे आपलेच आहे त्याची किंमत मोजू नये.

उरलेले अर्धे त्या नमुन्यातील रिकाम्या जागांत आहे. 'रिकाम्या जागा भरा' हा प्रश्न आम्ही शिक्षक मंडळी आयुष्यभर काढतो. नव्या घराच्या करारात तोच प्रश्न आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या गुणांचा होऊन समोर येतो. कार्पेट क्षेत्र किती, हे चौरस मीटरमध्ये लिहिलेले असते. बोलणे चौरस फुटांत झालेले असते. सातशे फूट म्हणजे पासष्ट मीटर आणि थोडे अधिक. ते 'थोडे अधिक' करारात उतरले आहे का, हे पाहायला हवे. नमुन्यात कार्पेट क्षेत्रात तीन टक्क्यांपर्यंतचा फरक गृहीत धरला आहे, आणि क्षेत्र कमी भरल्यास जादा घेतलेली रक्कम परत देण्याची तरतूदही आहे. वरच्या उदाहरणातले एकवीस फूट म्हणजे नेमके तीन टक्के. तरतूद आहे, पण मोजणाऱ्याला तिचा उपयोग. जो मोजत नाही त्याच्यासाठी ते नुसते वाक्य.

दुसरी रिकामी जागा तारखेची. ताब्याची तारीख, आणि ती पुढे ढकलता येण्याची कारणे. युद्ध, दंगल, दैवी आपत्ती हे शब्द वाचताना कोणी थबकत नसे. २०२० साली कोरोनाच्या साथीत, त्या काळात मुदत संपणाऱ्या नोंदणीकृत प्रकल्पांना महारेराने सहा महिने वाढवून दिले, तेव्हा या शब्दांची किंमत हजारो कुटुंबांनी भाडे आणि हप्ता दोन्ही भरत मोजली. ती मुदतवाढ गैर होती असे आम्ही म्हणत नाही. पण कारणांची ती यादी जितकी ऐसपैस, तितकी तारीख सैल. तिसरी जागा सामानाची : फरशी, नळ, लिफ्ट कोणत्या बनावटीचे. तेथे 'किंवा तत्सम' हे दोन शब्द येतात. उपमेतील साधर्म्य किती आणि कोणत्या अंगाने, हे तपासणाऱ्या विद्यार्थ्याने 'तत्सम' म्हणजे कोणाच्या मते तत्सम, हे विचारू नये काय? चौथी जागा वाहनतळाची. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील एका गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात निर्णय दिला की, मोकळी किंवा खांबांखालची वाहनतळाची जागा बिल्डरला स्वतंत्र फ्लॅटसारखी विकता येत नाही. आणि २०१६च्या कायद्यातही मोकळा वाहनतळ सामाईक जागेत मोडतो. तरीही किमतीच्या तक्त्यात 'पार्किंग' या नावाने एक गोल रक्कम दिसली, तर ती कशाबद्दल, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे.

हप्त्यांचा क्रम हाही किमतीचाच भाग. नमुना करारानुसार करारानंतर तीस टक्क्यांपर्यंत, जोते झाल्यावर पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत, स्लॅब पडल्यावर सत्तर टक्क्यांपर्यंत, अशी कमाल मर्यादा आहे. कमाल मर्यादा म्हणजे दर नव्हे. त्याहून कमी मागण्यास कोणी मनाई केलेली नाही. कर्जाचे व्याज भरणाऱ्याला सहा महिने उशिरा दिलेले दहा लाख आणि दरात मिळालेली सवलत, यांचा हिशेब एकाच वहीत मांडता येतो.

यावर आक्षेप येतील, आणि ते रास्त आहेत. साहित्याच्या अभ्यासाला असल्या उपयुक्ततेच्या दावणीला बांधू नये, असे कोणी म्हणेल. आम्हालाही कवितेचे पाठ करारवाचनाची तयारी म्हणून द्यायचे नाहीत. परंतु शब्दाचा अर्थ कोण ठरवतो, मौन कोणाचे आणि कोणाच्या सोयीचे, कथन करणारा काय दडवतो, हे प्रश्न आपण केवळ छापील कथेला विचारायचे आणि आपल्या छपराच्या मजकुराला विचारायचे नाहीत, ही वाङ्‌मयनिष्ठा नव्हे. तो आपल्या विद्येवरचा अविश्वास आहे. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे : ज्याला घर घेणे परवडते त्याची घासाघीस ही सुखवस्तूंची चिंता, ज्याला भाड्याची खोलीही मिळत नाही त्याचे काय? हा प्रश्न मोठा आहे आणि या लेखाने तो सुटत नाही. मात्र न वाचता दिलेली प्रत्येक वाढीव किंमत पुढच्या खरेदीदारासाठी 'चालू दर' होते, आणि तो चालू दर शेवटी भाड्याच्या खोलीपर्यंत झिरपतो. एकाचे मौन दुसऱ्याला महाग पडते.

तिसरा आक्षेप असा की, पुण्या-मुंबईत हे करार बहुधा इंग्रजीत असतात, मग मराठीच्या विद्यार्थ्याने काय करावे? आमचे उत्तर साधे आहे. मागणी करावी. मराठीत लिहिलेल्या दस्ताची नोंदणी या राज्यात नेहमीच होत आली आहे, आणि मराठी भाषांतर मागणे ही किंमत कमी करून मागण्याइतकीच रास्त मागणी आहे. भाषांतर करायला बसले की कोणता शब्द जाणूनबुजून धूसर ठेवला आहे, हे लगेच कळते. धूसर शब्दाला दुसऱ्या भाषेत सरळ प्रतिशब्द मिळत नाही.

नोंदणीकृत प्रकल्पाच्या कराराचा मसुदा, मंजूर नकाशे आणि पूर्णत्वाची तारीख महारेराच्या संकेतस्थळावर पाहता येते. टोकन देण्याआधी आणि दराचा विषय निघण्याआधी. मराठीच्या एखाद्या पदव्युत्तर वर्गाने एका तासिकेत असा एक मसुदा समोर ठेवावा, त्यातील रिकाम्या जागा अधोरेखित कराव्यात आणि प्रत्येक जागेपुढे ती कोणाच्या फायद्याची आहे हे लिहावे. त्या वर्गातून उद्या कोणी कादंबरीकार निघेल की नाही, हे सांगता येणार नाही. पण त्यातले बहुतेकजण पुढील दहा-पंधरा वर्षांत एखाद्या बिल्डरच्या टेबलासमोर बसतील, हे मात्र जवळपास निश्चित आहे; आणि त्या वेळी 'दर किती' या प्रश्नाआधी 'कशाचा दर' हा प्रश्न त्यांनी विचारला, तरी त्या एका तासिकेचे चीज होईल.